थोरलीच्या नावाची नळी

माझ्या आत्याला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. ती सगळ्यांची ‘बाई’. चौतीस वर्षं तिने जनावरांच्या दवाखान्यात एकच काम केलं: खोऱ्यातली कुठली गाय कधी व्याली, वासरू कुठल्या वळूचं, आणि त्याच्या कानात कितव्या नंबरचा बिल्ला, हे वहीत लिहिणं. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की रोज सकाळी सायकल, चिखल, गोठा, एखादी लाथ, आणि ‘आमच्या गाईचं तुम्हाला काय पडलंय?’ असं विचारणारा एखादा शहाणा. आत्या त्या शहाण्याला त्याच्याच गाईच्या पणजीचा रंग सांगायची. मग तो गप्प गाय धरायचा.

माणसांच्या बाबतीत मात्र तिचं डोकं एवढं चालत नाही. माझ्या लग्नात तिने माझ्या सासऱ्यांची ओळख करून दिली ती अशी: “हे ते. ह्यांच्याकडे एका शिंगाची तांबडी होती.” सासरे अजून तिची चौकशी करतात आणि करताना स्वतःच्या कपाळावरून हात फिरवतात.

मी हे हसत सांगते, कारण हसण्यासारखं आहे. पण मला तिचा अभिमान आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. तिच्या वहीत खाडाखोड नव्हती. चूक झाली तर त्यावर एक आडवी रेघ, खालचं अक्षर दिसेल अशी, आणि बाजूला स्वतःची सही. म्हणजे चूक कुणाची ते पुढच्याला कळावं. साहेब लोकांना हे आवडत नसे. वही घाण दिसते म्हणायचे. आत्या म्हणायची, “वही खरी दिसते.”

निवृत्त झाल्यावर ती तीन महिने घरात बसली आणि घरातल्या सगळ्यांना तिने वैताग आणला. तेवढ्यात शहरातल्या ग्रंथालयाने खोऱ्यातल्या घराण्यांचा इतिहास लिहायचं काढलं. जुनी कागदपत्रं पुरात गेलेली, म्हणून ग्रंथपाल साठ नळ्या घेऊन आला. नळीत थुंकायचं, वर झाकण लावायचं, नाव लिहायचं. ती परदेशी प्रयोगशाळेत जाणार आणि रक्ताच्या नात्यातल्या माणसांची यादी संगणकावर येणार. त्याला गावातलं कुणीतरी मदतीला हवं होतं. लोकांनी आत्याकडे बोट दाखवलं. “चौतीस वर्षं हेच केलंय त्यांनी,” दुकानदार म्हणाला, “फक्त आता शेपूट नाही.” संगणक माझ्याकडे होता, म्हणून मीही त्यात ओढली गेले.

शाळेच्या मोठ्या वर्गात सगळे जमले. ज्यांचा तोंडाचा पट्टा वर्षभर चालतो, त्यांच्या तोंडात ऐन वेळी थेंब नाही. बायका एकमेकींकडे पाठ करून बसल्या, पुरुष खिडकीबाहेर बघत. ज्यांना जमेना त्यांना आत्याने नळी घरी न्यायला सांगितली, संध्याकाळपर्यंत आणून द्या म्हणाली. अशा सात जणी निघाल्या. त्यात गिरणीवाल्यांच्या घरची थोरली जाऊ होती. पंच्याहत्तरीची, ताठ कण्याची, रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडलेली.

सगळ्यात शेवटी पाहुणे आले. पाहुणे हे त्यांचं टोपणनाव. खरं नाव त्यांनाही आठवून सांगावं लागतं. बहात्तर वर्षांपूर्वी ते एका टोपलीत दूध केंद्राच्या ओसरीवर, कॅनच्या रांगेत सापडले. तिथल्या रखवालदाराला मूलबाळ नव्हतं. त्याने टोपली घरात नेली आणि बायकोला म्हणाला, पाहुणा आलाय. त्या दोघांनी त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, पण गावाने नाव तेच ठेवलं. मोठे झाल्यावर पाहुणे दगडी भिंती बांधायला लागले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. खोऱ्यातल्या निम्म्या शेतांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत.

त्यांनी नळी भरली, झाकण घट्ट लावलं आणि आत्याला म्हणाले, “बाई, मला कुणाची जमीन नको, कुणाचं नाव नको. बापाचंही काही नाही. ती गेली असेल आता, हेही कळतं मला. पण तिचं कुणी असेल, तर एवढंच विचारायचंय. मला तिथं ठेवलं त्यानंतर तिने कधी मागे वळून बघितलं का?”

“विचारू,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं की आता हिला झोप लागणार नाही.

दोन महिन्यांनी याद्या आल्या. पाहुण्यांच्या यादीत त्रेचाळीस नातेवाईक! संगणकाच्या मते त्यातले तीस तर अगदी जवळचे चुलत. गावात नुसती धमाल उडाली. दुकानदार त्यांना काका म्हणायला लागला, शिंपी म्हणाला काका नाही, मामा. ज्या माणसाला बहात्तर वर्षं रक्ताचं एकही नातं नव्हतं, त्याला आठवड्यात बसायला जागा पुरेना. पाहुणे बिचारे सगळीकडे जाऊन हसून यायचे.

आत्या एकटी हसत नव्हती. “चुरा आहे हा,” ती म्हणाली.

“म्हणजे काय?”

“पूल कधी झाला? चाळीस वर्षांपूर्वी. त्याआधी सात पिढ्या मुली कुठे दिल्या? ह्या घरातून त्या घरात. सगळ्यांत सगळ्यांचे बारीक तुकडे आहेत. ते एकत्र केले की जवळचं नातं वाटतं. मी रुजू झाले तेव्हा खोऱ्यात दहा वर्षं एकच वळू होता. कुठलंही वासरू घे, कुठल्याही वासरासारखं दिसायचं. म्हणून त्यांना सख्खी म्हणायचं का?”

मग तिने मला कामाला लावलं. प्रत्येक नातेवाइकाशी गुणसूत्रांचे जुळणारे तुकडे किती लांबीचे, ते मी वाचायचं आणि तिने चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने पट्ट्या काढायच्या. बारीक तुकडे सोडून द्यायचे, लांब तेवढे ठेवायचे. ग्रंथपालाला हे पटेना. संगणकाला काय कमी कळतं का, असं तो म्हणाला. आत्याने त्याला विचारलं, तुमच्या संगणकाला पूल कधी झाला ते माहीत आहे का? पुढे हाच ग्रंथपाल प्रत्येक बैठकीत तिची पद्धत स्वतःच्या तोंडाने सांगायला लागला, पण निदान नाव तिचं घेतो, त्यामुळे मी माफ केलंय.

नऊ दिवसांत त्रेचाळीसचे बेचाळीस गळाले. दुकानदार पुन्हा दुकानदार झाला. उरलं एकच नाव, आणि तिथे पट्ट्या हातभर लांब. गिरणीवाल्यांची थोरली. पाहुण्यांशी तिचा चौथा हिस्सा जुळत होता. म्हणजे आई तरी एक, नाहीतर बाप तरी एक.

इथे आत्या चुकली. तिने एक दिवस थांबायला हवं होतं. पण पाहुण्यांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती तडक गिरणीवाल्यांच्या फाटकाशी गेली आणि दोन बायका दळण घेऊन उभ्या असताना थोरलीला म्हणाली, “पाहुणे तुमचे भाऊ आहेत. तुमच्या आईचे नाहीतर वडिलांचे.”

थोरली म्हणाली, “बाई, माझं माहेर तीन डोंगरांपलीकडे. माझी आई ह्या खोऱ्यात माझ्या लग्नाला पहिल्यांदा उतरली. वडील तर तेव्हाही आले नाहीत, पाय अधू होते त्यांचे. तुम्ही कुणाबद्दल बोलताय?”

“नळी खोटं बोलत नाही.”

“मग मी बोलते का?” असं म्हणून थोरलीने दार लावून घेतलं. ते दार बारा दिवस उघडलं नाही. दळण घेऊन आलेल्या बायकांनी पुढचं काम चोख केलं, आणि थोरलीच्या मेलेल्या आईबापांबद्दल गावात काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. पाहुणे तिच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले, कुणी बाहेर आलं नाही, मग आमच्याकडे आले. “सोडा, बाई,” म्हणाले. “माझ्या एका प्रश्नापायी त्या माउलीची अब्रू जायला नको. बहात्तर वर्षं काढली, राहिली ती निघतील.”

आत्या जेवायची थांबली. मी रागावले, तेव्हा म्हणाली, “तुझा तो संगणक उघड. थोरलीची यादी वाच. पाहुण्यांची नाही, तिची.”

मी वाचली. खोऱ्यातली अडतीस माणसं. त्यात डोंगरापलीकडचं एकही नाही. आणि थोरलीच्या सख्ख्या भावाच्या नातवाने शहरात शिकताना हीच तपासणी केलेली होती, हे मला माहीत होतं, कारण मी तिथे शिकवायचे तेव्हा तो माझा विद्यार्थी होता. त्याचं नाव तिच्या यादीत हवंच होतं. नव्हतं.

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. “एवढी वर्षं मी लोकांना सांगत आले, आई जुळत नसेल तर गाईला बोल लावू नका, आधी कानातला बिल्ला बघा. आणि मीच बघितला नाही.” ती उठली. “नळी तिची नाही.”

“मग कुणाची?”

“ते नंतर. आधी माफी.”

माझ्या आत्याचा सगळ्यात जास्त अभिमान मला ह्या जागी वाटतो. माफी घरात जाऊन गुपचूप मागता आली असती. ती थांबली गिरणीच्या सर्वांत गर्दीच्या दिवसापर्यंत, दोन दिवस. रांगेत पंधरावीस जण असताना गिरणीचा पट्टा बंद करायला लावला आणि मोठ्याने म्हणाली, “ह्या घरच्या थोरल्या बाईंबद्दल मी जे बोलले ते चूक होतं. त्यांचे आईवडील, त्यांचं माहेर, कुणाचा ह्यात संबंध नाही. चूक त्यांची नाही, प्रयोगशाळेची नाही. माझी आहे. तपासायचं ते मी तपासलं नाही. ज्यांनी ज्यांनी ती बातमी पुढे नेली, त्यांनी आता ही पण न्यावी, तेवढ्याच उत्साहाने.”

रांगेतल्या दोन बायका पिठाकडे बघायला लागल्या. मागच्या दारात थोरली उभी होती. बराच वेळ तिने आत्याला तसंच उभं ठेवलं, आणि ठेवायलाच हवं होतं. मग म्हणाली, “आत या. चहा टाकते.”

चहा पिताना आत्याने विचारलं, “नळी कुणी भरली?”

थोरली पहिल्यांदा हसली. “मला कुठं जमत होतं! अर्धा तास तोंड वाकडं करून बसले. धाकटी म्हणाली, जाऊबाई, आणा इकडे, एका घरची तर आहे थुंकी. तिने भरून दिली. मला काय ठाऊक, त्यात सुना-मुली वेगळ्या कळतात म्हणून!”

आत्याने कप खाली ठेवला. धाकटी जाऊ ह्याच खोऱ्यातली. ओढ्यापलीकडच्या शेतावरची मुलगी. वय सहासष्ट. नळ्या संपल्यामुळे तिची स्वतःची नळी नव्हतीच, आणि तेव्हा ती ‘मला नकोच’ म्हणाली होती. लेकीचं बाळंतपण करायला म्हणून ती गेले तीन आठवडे गावाबाहेर होती. इथे काय झालंय ह्याचा तिला पत्ताही नव्हता.

आता सगळी घडी बसली आहे. धाकटीने नंतर स्वतःच्या नावाने रीतसर नळी भरली, यादी तीच आली. पुरुषाला गुणसूत्रांचा जो एक भाग फक्त आईकडून मिळतो, तोही दोघांत लांबच्या लांब जुळला, म्हणजे आईच एक. शंकेला जागा नाही. आजूबाजूच्या पाच गावांतली माणसं आता आत्याकडे याद्या घेऊन येतात, आणि ती प्रत्येकाला आधी विचारते, नळी भरताना शेजारी कोण होतं? ग्रंथालयाच्या पुस्तकात तिच्या पट्ट्यांचं एक पूर्ण पान छापलंय. पण ते पुस्तक मी कपाटात ठेवलंय. मला दाखवायची असते ती एक दुपार, आणि ती कुठल्या पानावर नाही.

धाकटी परत आली त्या दिवशी थोरलीने तिला सगळं सांगितलं. ती पिशवीही न ठेवता आमच्याकडे आली. आत्याने पाहुण्यांना बोलावून घेतलेलंच होतं. ते स्वयंपाकघरात, दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. धाकटी त्यांच्याकडे न बघता आत्याशीच बोलायला लागली.

“मी जाणूनबुजून भरली, बाई. आईला शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही. वडील तापट होते, आणि नंतर इतकी वर्षं गेली की कुठून सुरुवात करायची तेच कळेना. पण सांगणार नाही असा शब्द होता. थुंकणार नाही असा नव्हता. म्हटलं, आमच्या घरापर्यंत आलं की कुणीतरी येईल मला विचारायला. जाऊबाईंवर बालंट येईल हे डोक्यातच आलं नाही. त्यांचे पाय धरून आले मी.”

पाहुणे उठून उभे राहिले होते. त्यांच्या वतीने आत्यानेच विचारलं, “ह्यांना एकच विचारायचंय. ठेवून गेल्यावर तुमच्या आईने कधी मागे वळून बघितलं का?”

धाकटी आता त्यांच्याकडे वळली. “ती गेलीच कुठे होती? रखवालदाराला मूल नाही, हे बघून तिने ओसरी निवडली. लग्न झाल्यावरही दूध घालायला गडी नाही पाठवला, रोज सकाळी कॅन घेऊन स्वतः जायची. अर्धा कोस. ताप असला तरी. मला वाटायचं, हिला दुधाचं काय एवढं? अठराव्या वर्षी तिने मला सांगितलं.” आता कुठे तिने पिशवी खाली ठेवली. “तुम्ही मोठे झालात, केंद्रावर दिसायचे बंद झालात. मग आमच्या गोठ्यामागची भिंत आठवते का तुम्हाला?”

पाहुण्यांची मान खाली गेली. हा माणूस कधी लाजलेला मी बघितला नव्हता.

“ती नका काढू,” ते म्हणाले. “उभ्या आयुष्यात माझी तेवढी एकच भिंत पडली. दर वर्षी हिवाळा सरला की निरोप यायचा, पडली म्हणून. अकरा वेळा बांधली. पाया खोल घेतला, दगड बदलले, काही उपयोग नाही. लोक हसायचे. तुमचे वडील म्हणायचे दुसरा माणूस बघा, पण तुमच्या आई मलाच बोलवायच्या. मला वाटायचं, दया करतात. नंतर कधीतरी टिकली ती. आजही उभी आहे.”

“टिकली, कारण आईचे गुडघे गेले,” धाकटी म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. “आम्ही पाडायचो ती. मी आणि आई. वडील बाजाराला गेले की पहार घेऊन. तुमची भिंत काय अशी हलते होय? एकेका दगडाला अर्धा तास! हाताला फोड यायचे. लग्नानंतर मी दर वर्षी माहेरी यायचे ती ह्याच कामाला. शेवटची दोन वर्षं तर आईने बैल जुंपला. आणि मग तीन दिवस तुम्ही बांधत असायचात, तेव्हा समोरच्या दगडावर शेंगा सोलत कोण बसायचं? तेवढ्या शेंगा आमच्या घरात कुणी खातही नव्हतं.”

पाहुण्यांनी स्टुलाला हात लावून बघितला आणि हळूच खाली बसले. आपले दोन्ही तळवे त्यांनी मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. आत्या ओट्याकडे तोंड करून उगीच भांडी पुसत होती. मग त्यांनी मान वर केली.

“म्हणजे माझी भिंत पडली नव्हती?”

“नाही रे दादा,” धाकटी म्हणाली. “एकदाही नाही.”